उजवीकडचा कमी बोलतो

गाडीच्या दाराच्या आतल्या आवरणाखाली तिने सपाट पट्टी सरकवली, जागा चाचपून पाहिली आणि तळहाताने पट्टीवर एक थाप दिली. आतली क्लिप टक्‌ करून सुटली.

“तुटली,” तो म्हणाला.

“सुटली. तुटली की आवाज वेगळा येतो. आता हेही मी तुम्हाला सांगायचं का?”

त्याच्या हातातल्या वाटीत तिने काढलेले स्क्रू होते, ते त्याने उगीच बोटाने गोल फिरवले. तिने पट्टी पुढच्या क्लिपखाली नेली. गाड्यांच्या सीटा शिवण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. कुठल्या गाडीचं दार कुठून उघडतं आणि कुठे रुसून बसतं, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. त्यातून ही गाडी तर घरचीच. लग्नानंतर चार वर्षांनी घेतलेली, तेव्हाही दुसऱ्याने वापरून झालेली, आणि आता तर इतकी जुनी, की रस्त्यात तिच्या वयाची दुसरी दिसली की दोघं हात हलवायचे.

गाडीतला रेडिओचा सेट कित्येक वर्षं नावापुरता होता. बटण फिरवलं की बातम्या देणारा माणूस घशात काही अडकल्यासारखा बोलायचा, म्हणून कुणी ते फिरवत नसे. तिने मागे दोनदा सुचवून पाहिलं होतं, काहीतरी स्वस्तातलं बसवून घेऊ. दोन्ही वेळा त्याचं उत्तर तयार होतं.

“गाडीत ऐकायचं ते इंजिन. गाणी ऐकायला घर आहे.”

आणि घरी तरी तो कुठे गाणी ऐकत होता! शहराच्या पंपघरात दिवसभर यंत्रं ऐकून आलेल्या माणसाला घरी शांतता लागायची. तिथे त्याचं कामच ते. लोखंडी सळीचं एक टोक पंपाच्या अंगाला लावायचं, दुसरं उजव्या कानामागच्या हाडाला टेकवायचं, डोळे मिटायचे आणि आत काय चाललं आहे ते सांगायचं. बेअरिंग झिजतंय, तेल कमी आहे, दांडा किंचित तिरका फिरतोय. मोजणारी यंत्रं आली होती, पण त्यांचे आकडे आले की वरचे साहेबसुद्धा विचारायचे, “वैद्य काय म्हणतात?” वैद्य हे त्याचं पंपघरातलं नाव. ते घेतलं की तो वरवर कपाळाला आठी घालायचा आणि आतून फुलून यायचा.

असा माणूस गेल्या रविवारी जेवताना एकदम म्हणाला, “गाडीत चांगला आवाज बसवू या का?”

तिचा हात ताटातच थांबला.

“बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“फार खर्च नको. पण दोन्हीकडचे स्पीकर एकाच जातीचे हवेत. एक इकडचा एक तिकडचा असं नको. दोन्हीकडून अगदी सारखा आवाज आला पाहिजे.”

तिला आनंद झाला, आणि त्याहून जास्त झालं ते कुतूहल. कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्की. नणंदेला फोनवर सांगितलं तर ती खो-खो हसली. “वहिनी, दादाला या वयात गाण्यांची हौस आली? लक्ष ठेव हो. आमच्या शेजारच्यांनी असंच आधी अत्तर आणलं होतं.” तीही हसली, पण त्यानंतर दोन दिवस त्याच्याकडे जरा निरखून पाहत राहिली. अत्तर नव्हतं. नवे कपडे नव्हते. फक्त मधूनच तो हातातलं काम थांबवून कशाचा तरी विचार करत बसायचा.

नवे स्पीकर बघायला ती दुकानात गेली ती फक्त भाव विचारून बाहेर पडायला. तिथून थेट भंगारवाल्याकडे. हा भंगारवाला तिच्या ओळखीचा. मोडक्या गाड्यांच्या सीटा तिला तोच द्यायचा. एका ठोकरलेल्या गाडीच्या दारांत त्याने तिला जोडी दाखवली, धुळीने माखलेली, पण स्पीकरचे कागदी पडदे अखंड.

“जुळी भावंडं आहेत ताई. जन्मापासून एकाच गाडीत. तुम्हाला म्हणून देतो.”

“मला म्हणून किती वेळा दिलंय तुम्ही, आणि किती वेळा ते चाललंय?”

“हे चालेल. नाही चाललं तर परत आणा.”

भंगारवाला ज्या खुर्चीवर बसायचा तिचा स्पंज पार बसला होता, स्प्रिंगा वर आल्या होत्या. तिने खुर्चीकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे पाहिलं. सौदा तिथेच झाला. खुर्ची ती घेऊन आली, नवी गादी बसवून, जाड रेक्झीन चढवून तिसऱ्या दिवशी परत दिली आणि जुळ्यांना पिशवीत घालून घरी आणलं.

सेट तिने जुनाच ठेवला. तो उघडून आतली घाण ब्रशने काढली, बटणांच्या मुळाशी साफ करायचा फवारा मारला, आणि तो पठ्ठ्या पुन्हा बोलायला लागला. खरं काम दारांचं होतं. जुन्या गाडीची दारं म्हणजे पोकळ डबे, आवाज आत घुमून तिथेच विरतो. दुकानवाल्यांकडे त्यासाठी महागाच्या चिकटपट्ट्या मिळतात. तिच्याकडे दुकानभर कातरण पडलेलं होतं. लोकर दाबून केलेल्या नमद्याचे तुकडे, फोमच्या पट्ट्या, रेक्झीनची उरलेली कड. दाराच्या पत्र्यातलं एकेक भोक तिने आतून बुजवलं, पत्र्यावर नमदा चिकटवला, स्पीकरभोवती फोमचं कडं घातलं. दोन्ही दारांना कापड मोजून सारखं. तो सांगितल्याबरहुकूम वाटी धरून उभा होता. तिच्या कामात इतका वेळ तो कधी उभा राहिला नव्हता, आणि तिला ते आवडलं होतं, हे तिने मनाशी कबूल केलं.

संध्याकाळी दारं मिटली. मागच्या सीटवर बसून तिने हात पुढे केला आणि बटण फिरवलं. कुणीतरी बाई गात होती. मागे तबला, आणि तबल्याच्या डग्ग्याचा तो जाड, गोल आवाज थेट पायापर्यंत आला. या गाडीत असा आवाज? ती लहान मुलीसारखी हसायला लागली.

“ऐकताय ना? अहो, ऐकताय?”

तो चालकाच्या जागी बसला होता. त्याने डोळे मिटले होते. गाणं संपेपर्यंत तो तसाच राहिला.

“छान आहे,” तो म्हणाला. “पण उजवीकडचा कमी बोलतो.”

दुसऱ्या दिवशी तिने उजवं दार पुन्हा उघडलं. जोड पक्के होते. तरी तिने ते नव्याने केले, दार मिटलं, त्याला बसवलं.

“अजून कमीच.”

“मग फोम जास्त झाला असेल.” तिने फोम कमी केला.

“नाही. तसाच.”

त्यापुढच्या दिवशी तिने वायर बदलली. सेटपासून दारापर्यंत नवी. गालिचा उचकटावा लागला, गुडघे सोलवटले. तो घरी आला, हात न धुता गाडीत जाऊन बसला, आणि बाहेर येऊन नुसती मान हलवली.

आता मात्र ती इरेला पेटली. नाचता येईना अंगण वाकडं, असं नणंदेने म्हणायच्या आत घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायचंच, असं ठरवून सकाळी तो पंपघरात गेल्यावर तिने दुकानाची कामं बाजूला सारली. तो बसने गेला होता, गाडी तिच्यासाठी ठेवून. तिने दोन्ही दारं उघडली आणि स्पीकरांची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. दोष स्पीकरात असेल तर तो आता डावीकडे जाईल. मग सेटमागच्या वायरीही आलटून पालटून पाहिल्या. मग सगळं जागच्या जागी लावून चालकाच्या जागेवर स्वतः बसली. इतक्या दिवसांत ती तिथे बसलीच नव्हती. जागा त्याची, तक्रार त्याची, म्हणून परीक्षाही त्यानेच घेतलेली.

तिने बातम्या लावल्या आणि डोळे मिटले.

उजवीकडचा कमी नव्हता. उलट थोडा जास्तच होता. असायलाच हवा, तो तिच्या मांडीला लागून होता आणि डावीकडचा गाडीच्या पार पलीकडच्या दारात. तिने डोळे उघडले. स्पीकर बदलून झाले, वायर बदलून झाली, जोड बदलून झाले. बदललं नव्हतं ते एकच, तिथे बसून ऐकणारा माणूस.

बातम्या चालू राहिल्या. तिला त्यातलं काही कळलं नाही. तिला आठवत होता फोन, जो तो हल्ली उजव्या हातात घेऊन डाव्या कानाला लावायचा, अंगावरून हात वळवून. आणि बाजारात ती उजवीकडून काही बोलली, की लगेच उत्तर न देता तो आधी मान तिच्याकडे वळवायचा. तिला वाटायचं, वय वाढलं तसा माणूस मायाळू झाला, बोलताना चेहऱ्याकडे बघतो.

आणि सोमवार तोंडावर आला होता. पंपघरातला सगळ्यात मोठा पंप दुरुस्त होऊन आला होता. सोमवारी तो चालू करायचा, आणि सळी लावून वैद्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं की पाणी सोडायचं. त्याच्या आधी हे काम करणाऱ्या माणसाच्या काळात एकदा बेअरिंगची कुरकुर कुणालाच ऐकू आली नव्हती. दांडा निखळला, आणि शेजारी उभ्या असलेल्या फिटरचा हात कोपरापासून गेला. ती गोष्ट तिला त्यानेच सांगितली होती, एकदाच, आणि पुन्हा कधी विषय काढला नव्हता. सोमवारी पंपाशेजारी उभा राहणार होता त्याचा जोडीदार, ज्याला सगळे बडबड्या म्हणत. चांगला माणूस. त्यांच्याकडे जेवायला आला, की एकटाच बोलायचा.

सांगायलाच हवं होतं. तिला ते दुपारभर कळत होतं. पण सांगायचं कसं? हा माणूस कानांवर जगला होता. पगार त्याचा, मान त्याचा, ते वैद्य हे नाव त्याचं. ते सगळं तिने, तिच्या तोंडाने, त्याच्या हातातून काढून घ्यायचं? तो संध्याकाळी येईल, उत्सुकतेने गाडीत बसेल, आणि पुन्हा तशी मान हलवेल. ती मान हलवणं तिला आता बघवणार नव्हतं.

तिने सेटवरचं छोटं बटण बोटांत धरलं, आवाज डावीकडे न्यायचा की उजवीकडे ते ठरवणारं, आणि थोडं उजवीकडे फिरवलं. मग आणखी थोडं.

तो आला. बसला. डोळे मिटले. ती दाराशी उभी राहून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“आता बरोबर आहे,” तो म्हणाला, आणि इतक्या झटक्यात तिच्याकडे वळला की ती दचकली. “सापडलं?”

“सापडलं.”

“काय होतं?”

“सेटच्या मागे एक जोड सैल होता. वरून दिसत नव्हता.”

“मी म्हटलंच होतं!” तसं तो आधी मुळीच म्हणाला नव्हता. “जुना सेट. दुसरं काय असणार?”

त्या संध्याकाळी तो तिला अनेक वर्षांनी नव्याने भेटल्यासारखा वागला. चहा त्याने केला. साखर दुप्पट पडली तरी तिने तो प्यायला. मोठ्या पंपाबद्दल तो बोलत राहिला. नवं बेअरिंग, सोमवारी कोण कोण येणार, बडबड्याला सळी कशी धरायची ते शिकवलं, पण मेला गप्प बसेल तर ऐकेल ना. ती हसली. हसताना तिला स्वतःचाच राग आला. एवढ्याशा बटणाने माणूस असा उजळतो म्हणजे तो किती दिवस अंधारात बसला होता! आणि ते आपल्याला दिसू नये?

शनिवारी एका व्हॅनच्या सीटांचं कापड कापताना तिने डाव्या बाजूचा तुकडा दोनदा कापला आणि उजव्याला कापड उरलं नाही. असं तिच्या हातून नव्याने शिकत असतानाही झालं नव्हतं. ती कात्री घेऊन त्या दोन डाव्या तुकड्यांकडे बघत उभी राहिली. गिऱ्हाईक ओरडेल, नवं कापड आणावं लागेल, एवढंच. कापड मिळतं. बडबड्याचा हात कुठून आणणार?

तिने कात्री ठेवली आणि दुकानाच्या मागच्या अंगणात गेली. तो गाडी धुवायला म्हणून मघाशीच तिकडे गेला होता.

बादली भरलेली होती, फडकं कोरडं. गाडीच्या काचा वर होत्या आणि आत बातम्या चालू असल्याची पुसटशी गुणगुण ऐकू येत होती. तो चालकाच्या सीटवर होता, पण बसलेला नव्हता. गुडघे टेकून, स्टिअरिंगकडे पाठ करून, सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून तो मागे तोंड करून उभा होता. एवढा थोरला माणूस, डोकं छताला लागलेलं, मान वाकवलेली. डोळे मिटलेले.

पहिल्यांदा तिला हसूच आलं. मग ते थांबलं. मागे तोंड केल्यावर चालकाच्या बाजूचं दार त्याच्या डाव्या कानाशी आलं होतं.

कितीतरी वेळ तो हलला नाही. मग त्याने डोळे उघडले, अवघडत पुढे वळला, सीटवर नीट बसला आणि सेटकडे वाकला. त्याचं बोट त्या छोट्या बटणावर गेलं. त्याने ते लगेच फिरवलं नाही. ते कुठे आहे हे आधी पाहिलं. मग हळूहळू मधोमध आणलं आणि सेट बंद केला.

ती चालकाच्या दाराशी गेली. काच खाली झाली.

“पंप एका बाजूने ठीक वाटला ना,” तो समोर बघत म्हणाला, “तरी पलीकडून एकदा ऐकायचा. मला शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दोन्हीकडून ऐकल्याशिवाय ठीक म्हणायचं नाही.”

तिने खाली वाकून सेटवरच्या त्या बटणाकडे पाहिलं.

“सळी डाव्या कानाला लावून पाहिली मी,” तो म्हणाला. “महिना झाला असेल. आवाज येतो. पण त्या कानाला काही ओळखता येत नाही. सगळे पंप सारखेच वाटतात.” तो थोडा थांबला. “म्हटलं, गाडीत बघू. सारखे स्पीकर लावून बघू. कदाचित पंपघरच जास्त गोंगाटाचं झालं असेल.”

“अहो…”

“तू बरं केलंस ते सगळं. दारं वगैरे. आवाज खरंच चांगला आहे, अर्धा ऐकूनसुद्धा कळतो.” तो हसला. हसण्यात खोट नव्हती, आणि म्हणून तिचे डोळे भरून आले. “सोमवारी साहेबांना सांगतो. सळी बडबड्याला देतो. मी शेजारी उभा राहीन. त्याचे कान चांगले आहेत. तोंड बंद ठेवलं तर शिकेल.”

तिने दाराची कड घट्ट धरली. खाली बघत, अगदी हळू आवाजात, तिने त्याला सांगितलं की बटण तिनेच फिरवलं होतं, आणि जोडाचं सगळं खोटं होतं, आणि तिला भीती वाटली होती, त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठीच, त्याचा चेहरा बघायची.

बोलून झाल्यावर तिने वर पाहिलं. तो अजून समोर बादलीकडे बघत होता, मघासारखाच. मग त्याची मान तिच्याकडे वळली.

“काही म्हणालीस का?”

ती पुन्हा बोलायला वाकली.

“या बाजूने नाही,” तो म्हणाला, आणि हात लांब करून त्याने पलीकडच्या दाराची कडी उघडली. “तिकडून ये.”

ती बॉनेटला वळसा घालून गेली, त्याच्या डाव्या हाताला बसली, दार ओढून घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली.